किनाऱ्यावरच्या विहिरीत समुद्र शिरण्याचा धोका कसा मोजावा

गोव्यातल्या कळंगुट-कांदोळीसारख्या वाळूच्या पट्ट्यात विहिरीचे पाणी मचूळ लागू लागले की लोक सावध होतात. पण जिभेला खारटपणा कळेपर्यंत समुद्राचे पाणी जमिनीत बरेच आत आलेले असते. हा धोका आधीच मोजणारी ‘गॅलडिट’ नावाची पद्धत आहे. गोवा विद्यापीठाचे ए. जी. चचडी आणि पोर्तुगालचे लोबो फेरेरा यांनी ती मांडली आणि बार्देश तालुक्यात वापरून पाहिली. आकडेमोड शाळेतल्या गणिताएवढीच आहे. खरी मेहनत मोजमापात आहे.

सहा गोष्टी तपासायच्या. प्रत्येकीला धोक्यानुसार २.५, ५, ७.५ किंवा १० गुण द्यायचे आणि त्यांना ठरलेल्या भाराने गुणायचे.

१. पाण्याची पातळी (भार ४). मे महिन्यात, पहाटे पंप सुरू होण्याआधी कठड्यापासून पाण्यापर्यंतची खोली टेपने मोजा. कठड्याच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीतून ती वजा करा. ही उंची मोबाइलवरून घेऊ नका. त्यात काही मीटरची चूक सहज होते आणि इथे निकाल सेंटिमीटरवर ठरतो. सर्वेक्षकाकडून जवळच्या उंचीखुणेपासून (समुद्रसपाटीपासूनची उंची ठाऊक असलेल्या खुणेपासून) लेव्हल काढून घ्या. त्यावरचा खर्च वाया जात नाही. पातळी समुद्रसपाटीपासून १ मीटरपेक्षा कमी असेल तर १० गुण, १ ते १.५ मीटरला ७.५, १.५ ते २ ला ५, त्याहून जास्त असेल तर २.५.

या मापाला एवढे वजन का? समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. त्यामुळे समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. उपशाने पातळी २० सेंटिमीटर कायमची उतरली, तर खालचे खारे पाणी हळूहळू ८ मीटर वर येऊ शकते.

२. किनाऱ्यापासून अंतर (भार ४). ५०० मीटरच्या आत १०, ७५० पर्यंत ७.५, १,००० पर्यंत ५, पुढे २.५. माझा आग्रह असा की, भरतीचे पाणी जिथवर चढते ती खाडी किंवा नदीही किनाराच धरावी.

३. पाझरक्षमता, म्हणजे जमिनीतला थर पाणी किती सहज वाहू देतो (भार ३). दिवसाला ४० मीटरहून जास्त असेल तर १०, १० ते ४० ला ७.५, ५ ते १० ला ५, कमी असेल तर २.५. यासाठी उपसा चाचणी लागते. ती झालेली नसेल तर केंद्रीय भूजल मंडळाकडे किंवा राज्याच्या भूजल खात्याकडे परिसराचे आकडे मागा.

४. जलधराची, म्हणजे पाणी साठवणाऱ्या थराची जाडी (भार २). १० मीटरहून जास्त १०, ७.५ ते १० ला ७.५, ५ ते ७.५ ला ५, कमी असेल तर २.५.

५. जलधराचा प्रकार (भार १). वर घट्ट थर असलेला बंदिस्त जलधर १०, उघडा ७.५, अर्धवट बंदिस्त ५.

६. आजची स्थिती, म्हणजे समुद्राचे पाणी आधीच किती मिसळले आहे (भार १). प्रयोगशाळेतून क्लोराइड आणि बायकार्बोनेट तपासून घ्या. लिटरमागे मिलिग्रॅममधल्या क्लोराइडला ३५.५ ने, बायकार्बोनेटला ६१ ने भागा आणि पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा. गुणोत्तर २ च्या वर गेले तर १०, १.५ ते २ ला ७.५, १ ते १.५ ला ५, कमी असेल तर २.५. समजा क्लोराइड १४२ आणि बायकार्बोनेट १८३ आले. पिण्यासाठी क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा २५० आहे, म्हणजे पाणी निर्धोक वाटेल. गुणोत्तर मात्र १.३३ येते, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही.

आता गुणाकारांची बेरीज करून १५ ने, म्हणजे सगळ्या भारांच्या बेरजेने भागा. येईल तो निर्देशांक. ७.५ च्या वर धोका जास्त, ५ ते ७.५ मध्यम, खाली कमी. वरच्या उदाहरणातलेच क्लोराइड आणि बायकार्बोनेट असलेली एक काल्पनिक विहीर घेऊ: पातळी १.१ मीटर, अंतर ६०० मीटर, पाझरक्षमता २०, जाडी ८ मीटर, जलधर उघडा. बेरीज ११०, निर्देशांक ७.३३, म्हणजे मध्यम. हीच पातळी ०.९ मीटरवर आली की बेरीज १२० होते आणि निर्देशांक ८. बाकी काहीही न बदलता विहीर जास्त धोक्यात गेली.

अंतर, जाडी, वाळू आपल्या हातात नाहीत, उपसा आहे. म्हणून गावातल्या विहिरींचे निर्देशांक नकाशावर मांडा आणि ७ ते ७.५ मधल्या विहिरी आधी निवडा. जानेवारीपासून पाऊस पडेपर्यंत त्यांची पातळी दर पंधरवड्याला मोजा. ती १ मीटरच्या जवळ येऊ लागली की त्या पट्ट्यातले टँकर आणि मोठे पंप पावसापर्यंत थांबवण्याचा ठराव ग्रामसभेत मांडा, सोबत मोजमापाची वही ठेवा.