बस्टर कीटनचा तुमचा आवडता चित्रपट कसा निवडाल?

अमेरिकी मूकपटांतला विनोदी नट आणि दिग्दर्शक बस्टर कीटन याचं नाव निघालं की जाणकार लगेच ‘द जनरल’ सुचवतात. चित्रपट थोरच आहे, पण कीटन पहिल्यांदाच बघणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. थोर कोणता ते समीक्षक सांगतील. आवडता मात्र ज्याचा त्याने शोधायचा असतो, आणि त्यात कुठला चित्रपट आधी बघितला याने फार फरक पडतो.

१. आधी प्रत तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग मूकपट कंटाळवाणे म्हणून सोडून देतात. त्या काळी कॅमेरा बहुधा हाताने फिरवत, त्यामुळे चित्रीकरणाचा वेग सेकंदाला साधारण १६ ते २४ चौकटी (फ्रेम) असा कमीजास्त असे. तीच फिल्म बोलपटांच्या ठरलेल्या २४ चौकटींच्या वेगाने चालवली की माणसं तुरुतुरु धावायला लागतात. कीटनचं पडणं, अडखळणं, थबकणं सगळं क्षणाच्या हिशेबाने बसवलेलं आहे. वेग चुकला की विनोद गेलाच. म्हणून सुरुवातीची दोन मिनिटं फक्त चालणारी माणसं बघा. चाल नैसर्गिक वाटली नाही तर दुसरी प्रत शोधा. त्याचे १९२०च्या दशकातले मूकपट अमेरिकेत आता स्वामित्वहक्कातून मोकळे झाले आहेत, त्यामुळे इंटरनेटवर एकेका चित्रपटाच्या अनेक प्रती सापडतात. पार्श्वसंगीतही प्रतीगणिक वेगळं असतं. ते खटकलं तर खुशाल आवाज बंद करा.

२. सुरुवात ‘वन वीक’पासून

१९२०चा हा लघुपट अर्ध्या तासाच्या आत संपतो. नवविवाहित जोडप्याला लग्नाची भेट म्हणून घराचे सुटे भाग मिळतात, आणि त्या मुलीने नाकारलेला तरुण खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतो. पुढे उभं राहतं ते घर बघायलाच हवं. रेल्वेरुळांवरचा शेवट मी सांगत नाही.

बघताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक, त्याचा चेहरा: तो हसत नाही, पण डोळे सतत विचार करत असतात. दुसरी, चौकट. कसरतीच्या वेळी कीटन डोक्यापासून पायापर्यंत दिसेल असा कॅमेरा लावायचा आणि शक्यतो मध्ये काटछाट करायचा नाही. जे दिसतंय ते खरंच घडलंय, याची प्रेक्षकाला खात्री पटावी म्हणून.

३. मग तीन मोठे, तीन वेगवेगळ्या दिवशी

‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) जेमतेम पाऊण तासाचा. चित्रपटगृहातला प्रोजेक्टर चालवणारा तरुण झोपतो आणि स्वप्नात थेट पडद्यात शिरतो. तो जागच्या जागी असतो आणि भोवतालचं जग बदलत जातं: बाग, रस्ता, कडा, सिंह, समुद्र, बर्फ. प्रत्येक बदलात शरीर अचूक त्याच जागी यावं म्हणून जमीनमोजणीची उपकरणं वापरून अंतरं घेतली होती. याच चित्रपटात पाण्याच्या टाकीखालच्या प्रसंगात त्याच्या मानेचं हाड मोडलं, आणि ते कळलं कित्येक वर्षांनी, एक्स-रेमध्ये.

‘द जनरल’ (१९२६) अमेरिकी यादवी युद्धातल्या १८६२च्या रेल्वे इंजिनाच्या चोरीवर बेतलेला आहे. ऑरेगॉनमध्ये चित्रित केलेला पूल कोसळण्याचा प्रसंग खऱ्या इंजिनाचा, एकदाच घेतलेला. मात्र नायक गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूचा आहे आणि गुलामगिरीविषयी चित्रपट गप्प राहतो. हे मला दर वेळी टोचतं. तुम्हालाही टोचलं तर ते निवडीत जरूर धरा.

‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’ (१९२८) त्या एका क्षणासाठी बघा: घराची अख्खी दर्शनी भिंत अंगावर पडते आणि पोटमाळ्याच्या उघड्या खिडकीच्या जागेत तो सुखरूप उभा राहतो. भिंत खरी आणि जड होती. पाय थोडा जरी इकडेतिकडे पडला असता तरी जीव गेला असता.

४. एकट्याने ठरवू नका

घरातल्या आजीला आणि एखाद्या लहान मुलाला सोबत घेऊन बसा. कीटन पडद्यावर मजकुराच्या पाट्या कमीत कमी वापरायचा, त्यामुळे इंग्रजी येत नसलं तरी फारसं अडत नाही. मूल कुठल्या जागी “पुन्हा लाव” म्हणतं ते ध्यानात ठेवा.

५. आठवडाभर थांबा

लगेच निवड करू नका. आठ दिवसांनी भांडी घासताना, बसची वाट बघताना जो प्रसंग आपोआप डोळ्यांपुढे येईल, तो चित्रपट पुन्हा लावा. दुसऱ्यांदा बघताना पुढचं सगळं ठाऊक असूनही हसू आलं, तर तोच तुमचा.

मला असा आठवत राहतो ‘शेरलॉक ज्युनियर’चा शेवट. प्रेयसी समोर उभी आहे, पुढे काय करावं ते त्या तरुणाला कळत नाही, म्हणून तो प्रोजेक्टरच्या खिडकीतून पडद्यावरच्या नायकाकडे बघतो. नायक तिचा हात धरतो, हाही धरतो. नायक अंगठी घालतो, हाही घालतो. मग पडद्यावर एकदम त्या जोडप्याच्या मांडीवर बाळं दिसतात, आणि हा डोकं खाजवत बघतच राहतो.