आंदोलनातला गुन्हा खरोखर निकाली कसा काढावा

ऊसदरासाठी पेठ नाक्यावर महामार्ग अडवून बसलात, एक दगडही उचलला नाही, तरी गुन्हा पडतो. जामीन झालाय, वकीलपत्र दिलंय, असं धरून पुढचं सांगतो.

दोषारोपपत्राची नक्कल घ्या, कलमं वाचा. घटना 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर भारतीय दंड विधान, नंतरची असेल तर न्याय संहिता. सरकारी आदेश मोडल्याचं कलम असेल (जुनं 188, नवं 223), तर आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार कोर्टात आहे का, ते वकिलाला बघायला लावा. तिच्याशिवाय त्या कलमाची दखलच घेता येत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या 135 कलमाला (जमावबंदीसारखे आदेश मोडल्याचं कलम) मात्र अशा तक्रारीची अट नाही, तिथे हा मुद्दा धरून बसू नका.

‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो’ हा सल्ला कट्ट्यावर फुकट मिळतो. ऐकू नका. दंड शंभर रुपयांचा असला तरी नोंद शिक्षेचीच होते.

आता खरी गोम. ‘आंदोलकांवरील गुन्हे मागे’ अशी बातमी आली की गावात पेढे वाटतात. मीही वाटले आणि तारखांना जायचं बंद केलं. सहा महिन्यांनी पहाटे हवालदार दारात, हातात पकड वॉरंट. आई अजून ते ऐकवते.

शासन निर्णयाने खटला संपत नाही. जीवितहानी नाही, मालमत्तेचं नुकसान ठरलेल्या मर्यादेत, दोषारोपपत्र ठरलेल्या तारखेच्या आत, हे सरकारने नेमलेली समिती तपासते. तिने शिफारस केली तरी सरकारी वकिलाने स्वतः विचार करून कोर्टात अर्ज द्यावा लागतो (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 321, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं 360), आणि कोर्टाची संमती लागते. कोर्ट नाही म्हणू शकतं. सहआरोपींत आजी-माजी आमदार किंवा खासदार असेल, तर त्याच्यावरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 10 ऑगस्ट 2021 चा तसा आदेश आहे. आपल्याकडे पुढारी पहिल्या रांगेत बसतात, त्यामुळे फाईल तिथेच अडते. तुमचं नाव वेगळं काढून अर्ज होईल का, ते सरकारी वकिलांना विचारा. पुढाऱ्याच्या पीएला विचारून काही कळत नाही.

तोवर प्रत्येक तारखेला हजर राहा. तोडणी चालू असेल, पाणी पाजायची पाळी असेल, तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्या. वॉरंट निघालंच तर पोलिसांची वाट न बघता स्वतः कोर्टात जाऊन रद्द करून घ्या.

संमती मिळाली की आदेश नीट वाचा. कोर्टाने दोषारोप ठेवण्याआधी खटला मागे घेतला तर तुम्ही आरोपमुक्त, नंतर घेतला तर निर्दोष. प्रमाणित नकला दोन घ्या. एक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, दुसरी पोराच्या पासपोर्टच्या कागदांत नको, स्वतःच्या सातबाऱ्यासोबत ठेवा.