२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत रस्त्याचा हिशेब मागायचा असेल, तर तयारी जुलैपासून

सगळ्यात आधी काम एकच निवडा. "पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे गेले कुठे?" असं मोघम विचारलं की उत्तरही मोघमच मिळतं आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. एका रस्त्याची लांबी, रुंदी, जाडी आणि देयकाची रक्कम हातात असली की उडवाउडवी करणं अवघड होतं.

मग तारखा उलट्या मोजा. माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवस लागतात. उत्तर आलं नाही तर प्रथम अपिलाच्या निकालाला आणखी ३०, लांबलं तर ४५. म्हणून अर्ज जुलैमध्येच पडला पाहिजे. त्याआधी पैसा कोणत्या निधीतला, हे शोधा. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपली पंचायत आणि आर्थिक वर्ष निवडलं की मंजूर आराखडा आणि खर्च दिसतो. रस्ता तिथे सापडला नाही तर तो आमदार निधीतला किंवा २५१५ मधला, म्हणजे ग्रामविकास विभागाच्या त्या क्रमांकाच्या लेखाशीर्षातला, असू शकतो. तसं असेल तर मूळ कागद जिल्हा परिषदेच्या किंवा सार्वजनिक बांधकामच्या उपविभागात असतात. चुकीच्या ठिकाणी गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं कायद्याने बंधनकारक आहे, पण त्या भरवशावर राहू नका.

अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, विषय एकच ठेवा आणि मजकूर १५० शब्दांत बसवा. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही) त्या कामाची पानं, देयक आणि क्यूब चाचणीचा, म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्यांची ताकद तपासल्याचा, अहवाल नावानिशी मागा. "सर्व कागदपत्रे" असं लिहिलं की माहिती विस्तृत आहे म्हणून अर्ज परत येतो. प्रतींसोबत संचिका पाहण्याची परवानगीही मागा. समोर बसून पाहिलं की कोणतं पान गायब आहे ते कळतं.

आता टेप घेऊन रस्त्यावर. समजा मोजमाप पुस्तिकेत १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड असं लिहिलंय, म्हणजे काँक्रीट ४५ घनमीटर. जाडी प्रत्यक्षात १० सेंटिमीटरच असेल तर ३० घनमीटर भरतं, म्हणजे एक तृतीयांश काँक्रीट पडलंच नाही. कडेला मोजून मात्र समाधान मानू नका. कडा दिसते म्हणून ती पूर्ण जाडीची करतात आणि मधला तळ उंच ठेवतात. मधली जाडी कोअर, म्हणजे यंत्राने आरपार कापलेला गोल तुकडा, काढल्याशिवाय कळत नाही. माहिती अधिकार कायद्यात साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचीही तरतूद आहे, ती फारशी कोणी वापरत नाही, जरूर वापरा. काँक्रीट तयार होऊन मिक्सर गाडीतून आलं असेल तर आणखी एक पडताळा आहे. एका गाडीत साधारण ६ घनमीटर माल येतो, म्हणजे ४५ घनमीटरला आठ खेपा हव्यात. खेपा किती झाल्या, हे रस्त्यालगतच्या घरातली माणसं सांगू शकतात. चलनं संचिकेत असायला हवीत.

क्यूबच्या अहवालात तारखा बघा. ३१ ते ५० घनमीटर काँक्रीटला भारतीय मानकानुसार चार नमुने लागतात, प्रत्येकी तीन क्यूब, म्हणजे एकूण बारा. एम-२० या प्रतीच्या काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी तपासतात. काम १० तारखेला झालं आणि २८ दिवसांचा अहवाल त्याच महिन्याच्या २५ तारखेचा असेल, तर त्या कागदावरच प्रश्न उभा राहतो.

एकच रस्ता दोन निधींतून दाखवला जातो, हेही तपासा. एकीकडे "मारुती मंदिर ते शाळा", दुसरीकडे "शाळेपासून मारुती मंदिराकडे" अशी नावं फिरवलेली असतात. त्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना २३, म्हणजे रस्त्यांची नोंदवही, उघडायला लावा आणि लांबीची बेरीज जमिनीवरच्या रस्त्याशी ताडून बघा.

सभेच्या किमान दहा दिवस आधी प्रश्न लेखी द्या, विषयपत्रिकेत घ्यायला सांगा आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असलेली संख्या. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणजे मोजक्या माणसांत विषय उरकला जातो. तेव्हा माणसं आधीच गोळा करा. बायकांना खास बोलवा, रस्त्याची रोजची अडचण त्यांनाच नेमकी सांगता येते.

सभेत प्रश्न एकानेच विचारावा, दुसऱ्याने कागद पुढे करावेत, तिसऱ्याने उत्तरं लिहून घ्यावीत. इतिवृत्ताच्या कोऱ्या पानावर कोणीही सही करू नये. नंतर त्यावर काय लिहिलं जाईल, यावर आपला ताबा राहत नाही. उत्तर समाधानकारक नसेल तर पुनर्मोजणीचा ठराव मांडा, अनुमोदकाच्या नावासह तो तिथेच लिहून घ्या, मोठ्याने वाचून दाखवायला सांगा आणि मगच सही करा. ठरावाची प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज जोडून द्या. तिथे दाद लागली नाही तर तोच संच जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, प्रत्येक वेळी पोच घेऊन.