ओपीडीत जायच्या आधी रिपोर्ट एआयला कसे दाखवायचे

मुंबईतलं केईएम हॉस्पिटल म्हणा नायतर सायन, केसपेपर काढून नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस जातो आणि आत गेल्यावर डॉक्टरांकडे आपल्यासाठी जेमतेम पाच मिनिटं असतात, त्यामुळे एआय वापरायचं तर त्या पाच मिनिटांच्या तयारीसाठी वापरा, निदानाचं काम त्याला देऊ नका.

आधी नाव, मोबाईल नंबर, आभाचा (सरकारी हेल्थ आयडीचा) १४ अंकी नंबर सगळं काढून टाका. मी तर फोटो टाकायच्याच विरोधात आहे, आकडे हाताने टाईप करा, सोबत युनिट आणि लॅबने छापलेली नॉर्मल रेंज पण, कारण पुसट प्रिंटमध्ये क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.२ चं १२ वाचलं गेलं की ते थेट डायलिसिसवर बोलायला लागेल आणि घरात रडारड.

आता विचारायचं कसं? "आईला डायबेटिस आहे का" असं नको. असं टाका: "बाई, वय ५८, एचबीएवनसी ६.६ टक्के, हिमोग्लोबिन ८.९, शुगरची गोळी चालू नाही. हा आकडा कशामुळे फसवा असू शकतो? डॉक्टरांना काय विचारू?" एचबीएवनसी म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा. तो ६.५ पासून पुढे असला की डायबेटिस धरतात हे बरोबर, पण हिमोग्लोबिन इतकं कमी म्हणजे अंगात लोह कमी असू शकतं, आणि तसं असेल तर एचबीएवनसी उगाच वर दिसू शकतं. नुसतं हो-नाही विचारलंत तर हे बाहेर येईलच असं नाही.

एक्सरेची फिल्म खिडकीला धरून फोटो काढायचा आणि चॅटला टाकायचा, हे प्लीज नको. टीबीसाठी एक्सरे वाचणारं एआय वेगळं असतं, आपल्या मुंबईच्याच क्युअर डॉट एआयचं क्यूएक्सआर त्यातलंच. ते मूळ डिजिटल फाईल घेतं, संशयाचा स्कोअर देतं आणि छातीतली जागा खुणा करून दाखवतं. डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये १५ वर्षं आणि त्यावरच्यांच्या टीबी स्क्रीनिंगसाठी अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली. तरी स्कोअर जास्त म्हणजे टीबी पक्का असं नाही, थुंकी तपासावी लागतेच, आणि स्कोअर कमी आला पण खोकला दोन आठवडे हटत नाही तरी तपासायचीच.

गोळ्यांचा डोस मात्र ॲपला विचारून बदलायचा नाही. आणि आत गेल्यावर "एआय म्हणालं" ने सुरुवात नको, अर्धे डॉक्टर तिथेच वैतागतात, त्यापेक्षा सरळ "हिमोग्लोबिन कमी आहे, मग हा शुगरचा आकडा धरायचा का, की उपाशीपोटीची पण करू?" असं विचारा.