संगमरवरी पुतळे बघायचे कसे? आधी पाय बघा, मग पाठ

पहिल्यांदा इटलीला गेलो ते ग्रुप टूरने, आणि फ्लोरेन्सला मायकेलअँजेलोच्या डेव्हिड या पुतळ्यासमोर आम्हाला मोजून दहा मिनिटं मिळाली, त्यातली सात फोटोत गेली. घरी आल्यावर आईने सहज विचारलं, अगं त्याच्या हातात काय होतं? मला सांगताच येईना. ते फार लागलं मला. म्हणून दुसऱ्या वेळी आईला घेऊन आमचे आमचेच गेलो, तीन-चारच ठिकाणं ठरवली आणि नीट बघितली. त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय, कुणी जात असेल तर उपयोग होईल.

माझी पद्धत एकदम साधी आहे. पुतळ्याचा चेहरा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी पाय, मग पाठ, आणि मग कुठे सांधा, चीर, टेकू, छिन्नीचा ओरखडा दिसतोय का ते शोधायचं. जिथे दगडाने त्रास दिलाय तिथेच गोष्ट असते, चेहरा काय पोस्टकार्डवरही दिसतो.

थोडं दगडाबद्दल, म्हणजे पुढचं पटेल. संगमरवर म्हणजे मुळात चुनखडीच, जमिनीखाली उष्णता आणि दाबाने बदललेली. म्हणून तर संगमरवरी ओट्यावर लिंबू पिळलं की डाग पडतो, आम्ल त्याला खातं. वरून वजन कितीही टाका, सोसेल, पण वाकायला किंवा ताण सोसायला अजिबात तयार नाही, कट्कन मोडतो. म्हणजे सतरा फुटांचा माणूस दोन घोट्यांवर उभा करायचा तर शिल्पकाराला कुठेतरी गुपचूप टेकू द्यावाच लागतो. झाडाचं खोड, कुत्रा, कापडाचा घोळ, काहीही. तो टेकू शोधणं हा पहिला खेळ. आणि दुसरं म्हणजे उजेड या दगडाच्या पृष्ठभागाच्या किंचित आत शिरतो आणि मग परततो, म्हणून तो कातडीसारखा वाटतो, प्लास्टर तसं वाटत नाही.

सराव आधी मुंबईतच करा. भायखळ्याला भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात राणी व्हिक्टोरियाचा बसलेला पुतळा आहे, मॅथ्यू नोबलने केलेला, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी खर्च केला होता आणि १८७२ मध्ये त्याचं अनावरण झालं. तेव्हा तो फोर्टात होता. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी रात्री जाऊन त्याला डांबर फासलं आणि जोड्यांची माळ घातली, रँडच्या वधाच्या आदल्या वर्षीची गोष्ट ही. आता पांढऱ्या संगमरवरात डांबर म्हणजे काय ते विचार करा, पुसून जाणारच नाही, दगड पितो ते. शेवटी त्रिभुवनदास गज्जर नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी ते डाग काढून दिले. चापेकरांची गोष्ट आपल्याला माहीत असते, पण डाग कुणी काढला हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

आता फ्लोरेन्स. अकॅडेमिया गॅलरी सोमवारी बंद असते, बाकी दिवशीचंही तिकीट आधीच ऑनलाइन काढा नाहीतर रांगेत अर्धा दिवस जाईल. आत गेल्यावर समोरच लांब डेव्हिड दिसतो आणि सगळे तिकडे धावतात. तुम्ही धावू नका. त्या वाटेवरच दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोचे चार अर्धवट पुतळे आहेत, कैदी म्हणतात त्यांना, पोप ज्युलियस दुसरा याच्या थडग्यासाठी सुरू केलेले आणि राहून गेलेले. माणूस दगडात अडकलाय, एक गुडघा बाहेर, डोकं अजून आतच. जवळ जाऊन बघितलं की दातेरी छिन्नीच्या रेघा दिसतात, शेतात वखर फिरवल्यासारख्या समांतर. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण घाव इतके स्पष्ट मी तिथेच पाहिले. पंधरा मिनिटं इथेच द्या, खरंच.

मग डेव्हिड. हा दगडच मुळात टाकून दिलेला होता. करारा खाणीतून आणलेला, १४६४ मध्ये एकाने सुरू केला, सोडला, मग दुसऱ्याने हात लावला, त्यानेही सोडला, आणि पुढे वर्षानुवर्षं कॅथेड्रलच्या अंगणात ऊनपाऊस खात पडून. १५०१ मध्ये सव्वीस वर्षांच्या मायकेलअँजेलोने तो घेतला आणि १५०४ मध्ये पुतळा उभा राहिला. उंची ५.१७ मीटर. आधी उजव्या पायामागे बघा, झाडाचं खोड आहे, तोच टेकू. तरी घोट्यापाशी आणि खोडात बारीक चिरा गेल्याच आहेत. मग डाव्या पायाची बोटं बघा, १९९१ मध्ये एका माणसाने हातोडी आत नेऊन एक बोट फोडलं होतं, ते नंतर नीट केलंय. मग डावा दंड. १५२७ मध्ये शहरात दंगल झाली, डेव्हिड तेव्हा राजवाड्याच्या दाराशी उघड्यावर उभा होता, वरून कुणीतरी बाकडं फेकलं आणि हात तुटून तीन तुकडे झाले. ते तुकडे दोन पोरांनी गोळा करून ठेवले अशी गोष्ट आहे, आणि त्यातला एक पोरगा म्हणजे वासारी, ज्याने पुढे सगळ्या कलाकारांची चरित्रं लिहिली. आता ही गोष्ट सांगणाराही वासारीच, तेव्हा काय ते तुम्ही समजून घ्या.

आता मागे जा. आईच्या प्रश्नाचं उत्तर मागे आहे. गोफण! बायबलच्या गोष्टीत डेव्हिडने गोलिएथ राक्षसाला मारलं ती हीच. समोरून डाव्या खांद्यावर नुसती एक घडी दिसते, पण मागून तिचा पट्टा पाठीवरून तिरका उतरून उजव्या हातापर्यंत जातो. आईने बघितलं आणि म्हणाली, अगं ही तर आपली शेतातली गोफण, पाखरं हाकायची.

वासारीचीच अजून एक गोष्ट: शहराचा प्रमुख सोदेरिनी बघायला आला आणि म्हणाला नाक जरा जाड झालंय. मायकेलअँजेलो निमूट शिडीवर चढला, मुठीत आधीच थोडी दगडाची पूड घेतलेली, छिन्नी नुसती टकटक वाजवली आणि पूड खाली सोडत राहिला. आता कसं? साहेब खूश, म्हणे आता जीव आला. ऑफिसात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी केलेलं आहे, मी तर स्लाइडचा फॉन्ट न बदलता केलंय.

रोममध्ये सेंट पीटर्स चर्चला पिएता, म्हणजे मांडीवर मेलेला येशू घेतलेली मेरी, मायकेलअँजेलोचीच, उजवीकडच्या पहिल्याच कोपऱ्यात आहे, पण काचेमागे, आणि बरंच लांब. छोटी दुर्बीण न्या, नाहीतर मोबाईलचा झूम. काच का? कारण २१ मे १९७२ ला लास्लो टोथ नावाचा माणूस मीच येशू म्हणत हातोडा घेऊन चढला, मेरीचा डावा हात कोपरापासून तुटला, नाक आणि पापणी फुटली. तुकडे आणि दगडाची पूड वापरून ते पुन्हा जुळवलंय. दुर्बिणीतून मेरीच्या छातीवरचा तिरका पट्टा बघा, त्यावर मायकेलअँजेलोचं नाव कोरलंय. लोक दुसऱ्याच कुणाचं काम म्हणत होते ते त्याने ऐकलं आणि रात्री येऊन कोरलं, असं वासारी सांगतो. चोविशीतलं पोर, राग आला असणारच. त्याने दुसऱ्या कुठल्याच पुतळ्यावर सही केलेली नाही.

व्हॅटिकन म्युझियममध्ये गर्दी सिस्टिन चॅपेलकडे ढकलत असते, पण वाटेत अष्टकोनी अंगणात लाओकून आहे, जुन्या ग्रीक गोष्टीतला, साप विळखा घालतायत तो बाप आणि दोन मुलं. हा १४ जानेवारी १५०६ ला एका द्राक्षमळ्यात खणताना सापडला, बघायला गेलेल्यांत मायकेलअँजेलोही होता. उजवा हात नव्हता. मग वाद, हात सरळ वर असेल की मागे दुमडलेला? शतकानुशतकं सरळ हात लावून ठेवला होता. १९०६ मध्ये लुडविग पोलाक या जाणकाराला रोममध्येच एका दगडकाम करणाऱ्याकडे जुना हात दिसला, दुमडलेला, आणि नंतर विसाव्या शतकाच्या मध्यात तो बसवला. आता बघाल तो दुमडलेलाच. खांद्याचा सांधा शोधा, दिसतो.

बोर्गेझे गॅलरीचं तिकीट काढायला विसरलात तर विषय संपला. दोन तासांचा स्लॉट असतो, आधी बुकिंग लागतंच, सोमवारी बंद, आणि मी पहिल्या वेळी हे सगळं दारात उभी राहून वाचलं होतं. इथे बर्निनी, सतराव्या शतकातला शिल्पकार. पाताळाचा देव प्लुटो प्रोसर्पिनाला उचलून पळवतोय, १६२१-२२ चं काम, तेव्हा बर्निनी जेमतेम तेवीस वर्षांचा. सगळे मांडीत रुतलेल्या बोटांचे फोटो काढतात, ते बघाच, कणकेत बोट दाबावं तसं दिसतं. पण मग वळसा घालून मागे या, तीन डोक्यांचा कुत्रा बसलाय. तो पाताळाचा राखणदार म्हणून गोष्टीत आहे आणि सगळं वजन पेलायला म्हणून दगडात आहे. टेकू कसा लपवावा ते यावरून शिकावं. तिच्या गालावर अश्रूही आहे, आणि तिच्या पंजाने प्लुटोच्या भुवईची कातडी ओढली गेलीय.

अपोलो आणि डाफ्ने (१६२२-२५) मात्र मागून सुरू करा, म्हणजे अपोलोच्या पाठीकडून. आधी नुसता धावणारा मुलगा दिसतो. हळूहळू उजवीकडून फिरत गेलात की डाफ्नेच्या बोटांना पानं फुटलेली दिसायला लागतात आणि पायाच्या बोटांतून मुळं जमिनीत शिरतायत, मागे लागलेल्या अपोलोपासून सुटायला झाड होतेय ती. आणि ते टेकूचं खोड? तीच खोड झाली, साल मांडीवर चढतेय. पानं इतकी पातळ की उजेड आरपार येतो. त्यातलं बरंच बारीक काम जुलिआनो फिनेल्ली या मदतनिसाचं होतं, नाव झालं बर्निनीचं, आणि फिनेल्ली पुढे वैतागून सोडून गेला. मला तरी त्याचं बरोबर वाटतं.

त्याच गॅलरीत कार्डिनल बोर्गेझेचे दोन सारखेच अर्धपुतळे आहेत. चूक नाहीये ती. पहिला जवळजवळ पूर्ण झाला आणि कपाळावरून आडवी चीर गेली, म्हणून बर्निनीने दुसरा केला. दोघांना शेजारी ठेवून चीर शोधा.

दोन गोष्टी पटकन. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, आपली ओढणी बॅगेत असू द्या, आईची तीनदा कामी आली. आणि हात लावू नका, बोटांचं तेल दगडात मुरतं आणि कळकट डाग पडतो.

शेवटचं, रोमच्याच ट्रास्टेव्हेरे भागातलं सांता चेचिलियाचं चर्च. चेचिलिया म्हणजे धर्मासाठी तलवारीने मारली गेलेली ख्रिस्ती संत. तिकीट नाही, गर्दी नाही. वेदीच्या खाली काचेत तीच, एक मुलगी कुशीवर निजलीय, तोंड पलीकडे वळवलेलं, डोक्याला कापड गुंडाळलेलं. १५९९ मध्ये तिची कबर उघडली तेव्हा शव असंच दिसलं, म्हणून स्तेफानो मादेर्नोने १६०० मध्ये ते दगडात केलं, आणि मी हे असंच पाहिलं असं शपथेवर जमिनीतल्या दगडावर लिहून ठेवलंय. इथे टेकू लागलाच नाही, ती आडवीच आहे. चेहरा दिसतच नाही, म्हणजे माझी पद्धत इथे आपोआप लागू होते. मान बघा, बारीक रेघ आहे तलवारीची. हात बघा, एका हाताची तीन बोटं उघडी आणि दुसऱ्याचं एक, देव तीन रूपांत पण एकच, असा त्याचा अर्थ लावतात.

आई कठड्यापाशी खाली बसली, गुडघे दुखत असूनही, आणि बराच वेळ उठलीच नाही. मग हळूच म्हणाली, डोक्याखाली काही तरी द्यायचं ना गं तिच्या.

दुपारी हे चर्च बंद असतं, तेव्हा सकाळी जा.