मीठ कमी करताना या चुका टाळा

‘आम्ही मीठ सोडलं’ असं कुणी सांगितलं की मी आधी त्यांची मिठाची बरणी बघते. हमखास गुलाबी खडे निघतात.

आत्याला बीपी निघालं तेव्हा तिने साधं मीठ बंद करून सैंधव आणलं. मग काय, औषधच ते! ताकात घाल, कोशिंबिरीत घाल, काकडीवर भुरभुर. चार महिन्यांनी बीपीचा आकडा होता तिथेच. मी विचारलं, ‘‘किलोची पिशवी किती दिवस जाते गं?’’ ‘‘महिनाभर. दोघंच तर आहोत.’’ म्हणजे माणशी रोज 16-17 ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना सांगते 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यातच लोणचं, पापड, पाव, फरसाण सगळं आलं. सैंधवही सोडियम क्लोराइडच. गुलाबी दिसतं ते लोहाच्या अंशामुळे. वर आयोडीन न घातलेलं घेतलंत, तर तेही गेलं.

तेव्हापासून मी पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख टाकते. चौघांच्या घरात किलोभर मीठ 50 दिवसांच्या आत संपलं, तर हात सैल आहे. आत्याची पिशवी आता अडीच महिने पुरते. सैंधव काही तिने सोडलेलं नाही, उपासाला लागतं म्हणे.

दुसरी जात उतावळ्यांची. सोमवारपासून एकदम अळणी, गुरुवारी लोणच्याच्या बरणीत हात. अहो, जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात. मी फक्त डब्यातला चमचा बदलून लहान ठेवला. घरात कुणाला पत्ता लागला नाही.

‘कमी सोडियम’वालं मीठ परस्पर आणू नका. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा शॉर्टकट नको.

पालेभाजीत मीठ ती आळल्यावर घाला. कढईभर मेथी बघून घातलेलं मीठ वाटीभर भाजीत उरतं.

ताटात मीठ वाढूच नका.

आणि खारट आमटीतला तो बटाटा! मीठ ‘ओढून घेतो’ म्हणतात. थोडं खारं पाणी पितो खरा, पण मग तो बटाटा खातं कोण? तुम्हीच ना?