संगमरवराच्या एका तुकड्यावर आम्ल, क्षार आणि मोलची तयारी

आम्लांच्या अभिक्रिया, क्षारांची द्रावणीयता आणि मोलची (रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम पदार्थ म्हणजे १ मोल) गणिते सुटी सुटी पाठ करण्याऐवजी संगमरवराचा, म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेटचा, तुकडा आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल या एकाच प्रयोगावर तपासून घ्यावीत.

प्रथम संयुजा, म्हणजे मूलद्रव्यांची संयोग पावण्याची क्षमता, पक्क्या कराव्यात. कॅल्शिअमची संयुजा २ आणि क्लोरीनची १ हे विसरून कॅल्शिअम क्लोराइडच्या रेणुसूत्रात एकच क्लोरीन लिहिला, की समीकरण चुकते आणि त्यावरचे सगळे गणितही. मोलच्या उदाहरणांतले गुण बहुधा इथेच जातात, असा माझा अनुभव आहे. नंतर आम्लाची धातू, आम्लारी आणि कार्बोनेट यांच्याशी होणारी अभिक्रिया प्रत्येकी एका समीकरणासह लिहून पाहावी, आणि तांबे विरल हायड्रोक्लोरिक आम्लातून हायड्रोजन मुक्त करत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

द्रावणीयतेला मात्र सवडीने वेळ द्यावा. सोडिअम, पोटॅशिअम व अमोनिअमचे नेहमीचे क्षार आणि सर्व नायट्रेट पाण्यात विरघळतात. क्लोराइडांत चांदी व शिसे, तर सल्फेटांत बेरिअम व शिसे हे मुख्य अपवाद आहेत. हे नियम कशासाठी, ते संगमरवरच दाखवतो: हायड्रोक्लोरिक आम्लात तो फसफसत झिजत जातो, पण विरल सल्फ्युरिक आम्लात थोडा वेळ बुडबुडे येतात आणि मग मंदावत थांबतात, कारण अत्यल्प द्रावणीय कॅल्शिअम सल्फेटचा थर तुकड्यावर बसतो आणि आम्ल आतल्या कार्बोनेटपर्यंत पोचतच नाही.

आता हेच मोलमध्ये मांडावे. ५ ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेट, ज्याचे रेणुवस्तुमान १००, म्हणजे ०.०५ मोल, समीकरणात (CaCO₃ + 2HCl → CaCl₂ + CO₂ + H₂O) प्रमाण १ : २ असल्याने हायड्रोक्लोरिक आम्ल ०.१ मोल, म्हणजे ३.६५ ग्रॅम लागते, आणि ते १ मोलार (लिटरला १ मोल) द्रावणाच्या १०० मिलिलिटरमध्ये मिळते. तयार होतात ५.५५ ग्रॅम कॅल्शिअम क्लोराइड, २.२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.९ ग्रॅम पाणी. दोन्ही बाजूंची बेरीज ८.६५ ग्रॅम भरते, हे पाहिल्याशिवाय उत्तराखाली रेघ ओढू नये.

शेवटी, बाहेर पडलेला वायू चुन्याच्या निवळीत सोडल्यास ती दुधाळ होते आणि तो पांढरा अवक्षेप (न विरघळणारा साका) पुन्हा कॅल्शिअम कार्बोनेटच असतो. वायू सोडतच राहिल्यास द्रावणीय कॅल्शिअम बायकार्बोनेट तयार होऊन निवळी परत स्वच्छ होते, ही दोन्ही समीकरणे पुस्तक मिटून लिहून पाहावीत.